खंडेनवमीची खाच

मित्रांनो, बेलापूरहून श्रीरामपूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला लिंबाचं एक झाड लागतं. त्याच्याखाली पत्र्याची एक शेड आहे. शेडमध्ये शिरलात की अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथे दिवसाही नीट उजेड पोचत नाही, तिथे एक काळा, पुढे वाकलेला लोखंडी गडी उभा दिसेल. तो मी. माझं पुस्तकातलं नाव स्लॉटर. पण या घरातली म्हातारी आक्का मला पहिल्या दिवसापासून मुसळ्या म्हणते. माझ्या मानेतून एक जाड दांडा मुसळासारखा वर-खाली होत असतो, त्याच्या टोकाला हत्यार बांधलेलं असतं आणि ते लोखंड कांडतं, म्हणून मुसळ्या. आता मी जुना झालो आहे. अंगावर तेलाचे आणि गंजाचे थर आहेत. माझी गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, पण आधीच सांगून ठेवतो, ती ऐकताना तुम्हाला थोडी भीती वाटेल. मला तर अजून वाटते.

माझं काम फार साधं आहे. चाकाच्या मधल्या भोकात आतून एक सरळ खाच पाडायची, बस्स. चाक ज्या दांड्यावर बसतं त्या दांड्यालाही तशीच खाच असते. दोन्ही खाचा समोरासमोर आणायच्या आणि मध्ये पोलादाचा एक चौकोनी तुकडा ठोकून बसवायचा. त्या तुकड्याला चावी म्हणतात. तुमच्या घरची चावी कुलूप उघडते, ही चावी चाकाला आणि दांड्याला एकमेकांत अडकवून ठेवते. जात्याचा खुंटा सैल झाला तर हात नुसताच फिरतो आणि जातं जागेवर राहतं, हे तुम्ही पाहिलं असेल. चावी सैल झाली की मोठ्या यंत्राचं तसंच होतं. फक्त तिथे पीठ सांडण्यावर भागत नाही.

माझा जन्म पंजाबात, बटाल्याला झाला. तांबडं-लाल वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझी पाठ घडवली. मग रेल्वेच्या वाघिणीत बसून मी आठ दिवसांनी इथल्या स्टेशनात उतरलो. तिथून मला बैलगाडीत घातलं, तर गाडीचा आस मोडला. गाडीवान मला शिव्या देत होता आणि मला विकत घेणारा गहिनीनाथ मिस्त्री माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. तो हात मला तेव्हाच आवडला. मिस्त्री तेव्हा पंचविशीतला होता. नव्या बैलाला करावं तसं आक्कानं मला ओवाळलं, पायाशी नारळ फोडला आणि म्हणाली, "वजनदार हाय गं बाई! घरात असला एक तरी वजनदार मानूस पायजेच हुता." आक्का म्हणजे मिस्त्रीची आई, आक्काबाई. सगळं बेलापूर तिला आक्का म्हणे आणि मुलगाही तेच म्हणे.

मिस्त्री कामाचा पक्का होता. त्याच्या वडिलांची, कानिफनाथबाबांची, एक शिकवण होती आणि मिस्त्री ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. "चावी बोलती," तो म्हणे. "ठोकल्यावर ठक्क म्हनली तर घरी जेवाया जा. खळ्ळ म्हनली तर पुन्ना कामाला लाग." गुळाच्या गुऱ्हाळाचे चरक, पिठाच्या गिरण्या, ऑइल इंजिनांच्या पुल्या, असं लांबलांबचं काम माझ्याकडे येई. संगमनेरपासून लोक येत. मी पाडलेल्या खाचेत चावी बसली की शेडभर ठक्क असा आवाज घुमे, आणि माझ्या ओतीव पोटात गुदगुल्या होत. दसऱ्याला माझ्या मानेत झेंडूची माळ पडे. मी स्वतःला फार मोठा समजू लागलो होतो, हे कबूल करतो.

आता त्या वर्षाकडे येऊ. बाहत्तर साल. पाऊस नावाला आला आणि गेला. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, पण त्या वर्षी सगळ्या जिल्ह्यानं तेच केलं. जो तो खाली खाली जात होता. पन्नास फुटांची विहीर सत्तर फूट, सत्तरची नव्वद. एवढ्या खोलातून दगड-मुरूम वर काढायचा तर माणसाचं बळ पुरत नाही, तिथे यारी लागते. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं केलेलं यंत्र. इंजिन एका दातेरी चाकाला फिरवतं, चाक एका ढोलाला फिरवतं, ढोलावर तारेचा दोर गुंडाळत जातो आणि दोराला बांधलेला लोखंडी डबा दगड घेऊन वर येतो. खाली डबा भरणारी माणसं उभी असतात. त्यांच्या डोक्यावर तो डबा लोंबकळतो. त्याला धरून ठेवतं ते दातेरी चाक, आणि चाकाला धरून ठेवते ती चावी.

पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत माझ्याकडे नुसती यारीची चाकं आली. एक उतरलं की दुसरं. मला तेल घालायला वेळ नव्हता. ज्या पाटावर चाक बांधतात, तो सरकवायचा माझा स्क्रू झिजत चालला. मिस्त्री मूठ फिरवायचा आणि पाट मागे राहायचा, मग दचकल्यासारखा एकदम पुढे यायचा. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त आवाज करता येतो. तो मी केला. प्रत्येक फेरीला खळ्ळ, खळ्ळ असा. मिस्त्रीनं तो ऐकला. मान वाकडी करून बराच वेळ ऐकला आणि मग म्हणाला,

"भागतंय. दिवाळीला बघू."

या माणसाच्या तोंडून 'भागतंय' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा मांडतात. आक्कानं पूजेचा लाकडी पाट मांडला, वर कोरा कपडा घातला आणि त्यावर शेडमधलं एकूण एक हत्यार ओळीनं ठेवलं. माझी सगळी धारदार टूलं, कानशी, हातोडे, छिन्न्या, एवढंच काय, माप घ्यायचा कॅलिपरसुद्धा. सगळ्यांना हळद-कुंकू लागलं. माझ्या मानेत माळ पडली. दसऱ्याचा नारळ फुटेपर्यंत त्या पाटावरचं काही उचलायचं नाही, हा या घरातला नेम होता आणि त्याला कारण होतं. एके वर्षी कानिफनाथबाबांनी खंडेनवमीलाच पूजेतला हातोडा उचलला, कुणाचा तरी नांगराचा फाळ अडला होता म्हणून. पहिल्याच घावात डाव्या हाताची दोन बोटं गेली. आक्कानं ती बोटं स्वतःच्या पदरात घेतली होती. तिच्यापुढे कुणी काय बोलणार?

दुपारी बाराच्या सुमाराला एक ट्रक थांबला. त्यातून धोतर-बंडीतला एक माणूस उतरला आणि खांद्यावर पोतं टाकून त्यावर एक दातेरी चाक वाहत आत आला. पन्नाशी गाठलेला असावा. डोळे लाल झाले होते.

"राम राम मिस्त्री. मी श्रीमंत. सोनईकडं यारी हाय माझी."

"नाव श्रीमंत आन् चाक सोताच्या खांद्यावर," आक्का म्हणाली. "बस बाबा. पानी पी. पन आज काम न्हाई हां."

श्रीमंत बसला नाही. चाक माझ्या पायाशी ठेवून तो तसाच उभा राहिला. "आक्का, झरा लागलाय. आन् नेमकं परवाच्याला जुन्या चाकाचं दातं उडालं. ह्ये नवं घिऊन संगमनेरला गेल्तो, भोक मारून मिळालं, पन खाच पाडाया कुनी हात लावंना. समद्यांच्या पूजा मांडल्यात. दोन दिस गाळ न्हाई काढला तर झरा बुजल. आख्खी वस्ती हंडं घिऊन काठावर बसलीया. ल्हान ल्हान पोरं हायती."

मिस्त्रीनं विचारलं, "खाली किती मानसं असत्यात?"

"सात. आमची मालकीन धरून. चांगुणा. डबा भरायला तिच्यावानी कुनी न्हाई."

मिस्त्रीनं आक्काकडे पाहिलं. आक्कानं पाटाकडे पाहिलं. मी कोपऱ्यातून तिघांकडे पाहत होतो. मनानं चाकाच्या बाजूला जावं तर बोटं आठवत होती, आणि आक्काच्या बाजूला जावं तर ती लहान लहान पोरं.

"मशीन चालव हवं तर," शेवटी आक्का म्हणाली. "मुसळ्याला कुठं पाटावर ठिवलाय मी. पन पाटावरल्या एकाबी हत्याराला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मित्रांनो, यात वाईट कुणीच नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. आक्काला मुलाचे हात वाचवायचे होते. मिस्त्रीला त्या वस्तीची तहान भागवायची होती. तिन्ही माणसं भली होती आणि तिघांनी मिळून मला चुकीच्या कामाला लावलं.

खाच हवी होती पाच सुतांची. आमच्याकडे माप सुतात चालतं, आठ सुतांचा एक इंच. पाच सुतांचं टूल पाटावर कुंकू लावून झोपलं होतं. मिस्त्रीनं शेड धुंडाळली. रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायला ठेवलेलं चार सुतांचं एक जुनं टूल सापडलं. त्याच्या टोकाला अजून हिरवा रंग होता. तेच त्यानं फरशीवर घासलं आणि माझ्या मुसळाला बांधलं. बेत असा होता की आधी चार सुतांची खाच पाडायची, मग माझा पाट एक सूत सरकवायचा आणि दुसरी फेरी मारायची. चार आणि एक पाच. माझा स्क्रू धड असता तर जमलंही असतं. कॅलिपर हाताशी असता तरी चूक वेळेत दिसली असती.

पट्टा फिरू लागला. माळेतली झेंडूची फुलं एकेक करून माझ्या पाटावर गळत होती आणि लोखंडाच्या किसात मिसळत होती. पहिली फेरी सरळ गेली. मग मिस्त्रीनं मूठ फिरवली. पाट जागचा हलला नाही. त्यानं आणखी थोडी फिरवली, आणि टूल लोखंडात शिरताच पाट दचकून एकदम पुढे आला. मला कळलं. मी ओरडलो, खळ्ळ. पण माझ्या त्या आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती.

काम झालं. श्रीमंतनं बरोबर आणलेली जुनी चावी मिस्त्रीनं खाचेत घातली. ती ठोकून ठोकून आत जायला हवी होती. ती हातानंच गेली, आतल्या आत हलली आणि म्हणाली, खळ्ळ.

वडिलांची शिकवण मिस्त्रीच्या ओठावर आली असेल, मी त्याचे ओठ हलताना पाहिले. मग तो उठला, डालड्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण घेतलं, त्याची एक पट्टी कापली, घडी केली आणि चावीच्या कडेनं खाचेत सारली. पूजेतला हातोडा घ्यायचा नव्हता म्हणून दगडानंच ठोकली. ठक्क. आवाज बरोबर आला. पण ते पोलाद बोलत नव्हतं, पत्रा बोलत होता. मला ते कळत होतं आणि मिस्त्रीलाही कळत होतं.

"श्रीमंतराव, नीट ऐका," तो म्हणाला. "ही पट्टी तिथं बसवतानाबी अशीच घालायची. पन ह्ये दोन दिसापुरतं हाय. दसरा झाला की परवाच्याला चाक घिऊन यायचं. मी पायरीची चावी करून ठिवतो. तवर डबा निम्माच भरायचा. आन् डबा वर निघाला की मानसं कडंला. आयकताय नव्हं?"

"व्हय व्हय," श्रीमंत म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं, ट्रकवाला भोंगा वाजवत होता. जाताना तो आक्काच्या पाया पडला. आक्कानं त्याच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं आणि चार दाणे पुडीत बांधून दिले. "चांगुणाला दे," म्हणाली.

दसरा झाला. आक्कानं मला आपट्याचं पान दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच मिस्त्रीनं पायरीची चावी करायला घेतली. खालचा भाग पाच सुतांचा, दांड्यासाठी, आणि वरचा भाग त्या माझ्या रुंद खाचेच्या मापाचा. अशी चावी बसली की पत्र्याची गरजच नाही. इतकी सुरेख चावी त्यानं जन्मात केली नसेल. तेल लावून ती त्यानं माझ्या पाटावर ठेवली आणि तो रस्त्याकडे बघत बसला.

श्रीमंत आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोजागिरी झाली, तरी नाही. मिस्त्री कामाला हात लावी, पण ट्रक थांबल्याचा आवाज आला की बाहेर जाई. ती चावी तशीच माझ्या अंगावर पडून होती. मित्रांनो, अर्धा शेर वजनाची वस्तू ती, पण टनाच्या ओझ्यानं मी कधी असा वाकलो नव्हतो. इकडे मी उभा होतो, आणि तिकडे सोनईच्या शिवारात माझी खाच फिरत होती. डबा वर, डबा खाली. प्रत्येक फेरीला ती पट्टी थोडी थोडी दाबली जात असणार, कडेनं थोडी थोडी बाहेर सरकत असणार. काठावर इंजिनाचा एवढा दणदणाट असतो की खळ्ळ कुणाला ऐकू जाणार?

मग एक दिवस रंगनाथ आला. श्रीमंतला घेऊन गेलेला ट्रकवाला तोच. मिस्त्रीनं त्याला रस्त्यातच गाठलं.

"यारी झ्याक चाललीया," रंगनाथ म्हणाला. "झऱ्याला पानी लई हाय. श्रीमंता म्हनला, मिस्त्रीला सांगा, चाक काढायला सवड न्हाई, पन काळजी करू नका. भागतंय."

मिस्त्री शेडमध्ये परत आला. त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. हातातलं एक इंजिनाचं काम संपवून मग जाऊ, असं तो आक्काला म्हणाला. त्या कामाला दोन दिवस लागले. त्याचाच शब्द त्याच्याकडे परत आला होता आणि त्याला तो ओळखू आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चावी फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि एसटीनं नेवाशामार्गे सोनईला गेला.

तो गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. आक्का शेडच्या दारात गहू निवडत होती. मिस्त्री आत आला, पिशवीतून फडकं काढलं आणि चावी माझ्या पाटावर ठेवली. तिला तेल तसंच होतं. म्हणजे ती कुठेही बसली नव्हती.

"भेटला का श्रीमंत?" आक्कानं विचारलं.

"भेटला. नगरला, दवाखान्यात." तो माझ्या पायाशी, जमिनीवरच बसला. "मी जायच्या आदल्या दिशी दुपारी झालं, आक्का. डबा निम्म्यावर आला आन् पट्टी भाईर आली. मागनं चावी पडली. चाक आपलं गुमान फिरतंय आन् ढोल उलटा सुटला. सहा जनं कडंला पळाली. चांगुणा पहार उचलाया वाकली हुती."

आक्काच्या सुपातले गहू तसेच राहिले. "जित्ती हाय?"

"हाय. डावा पाय गुडघ्याखाली काढला."

"डबा निम्मा भरा म्हनलावतास ना तू?"

"पयले दोन दिस भरला निम्मा. मग गच्च भराया लागले." तो हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होता. "त्यानं मला दवाखान्याच्या दारात चहा पाजला, आक्का. म्हनला, मिस्त्री, तुमी तर सांगितलं हुतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं माझा पाट खोलला. झिजलेला स्क्रू काढला, नवा घातला, त्याचा आतला नट ओतून घेतला. दिवाळीला बघू म्हणाला होता, ते काम त्यानं दिवाळीच्या आधीच पूर्ण केलं. बैल गेला आणि झोपा केला, असं तो स्वतःच पुटपुटला. त्यानंतर माझा पाट एक केसभरही चुकीचा सरकलेला नाही. पण मला त्याचा आनंद झाला नाही. धड झालेल्या अंगानं मी त्या खाचेची आठवण घेऊन उभा राहिलो. मिस्त्री माझ्याशी पहिल्यासारखा बोलेना. ठक्क आवाज आला तरी तो जेवायला घरी जात नसे, चावी पुन्हा काढून पाही. आक्का शेडमध्ये येईनाशी झाली. मुसळ्या ही हाक वर्षभर मी ऐकली नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा खंडेनवमी आली. आक्कानं पाट मांडला, पण हात जड झाल्यासारखी मांडत होती. हत्यारांना कुंकू लावून ती उठते न उठते तोच दारात ट्रक थांबला. रंगनाथनं आधी एक दातेरी चाक उतरवलं. मग श्रीमंत उतरला. मग त्यानं हात देऊन एका बाईला उतरवलं. हिरवं लुगडं, काखेत कुबडी, आणि चेहऱ्यावर उन्हानं रापलेला काळा तजेला. कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते चाक ओळखलं. त्याच्या पोटात माझी खाच होती. चावीनं आत हादरे देऊन देऊन तिच्या कडा फाटल्या होत्या.

चांगुणा सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या पायाच्या चौथऱ्यावर बसली. मी थंडगार पडलो.

"ह्योच का त्यो?" तिनं विचारलं.

"ह्योच," मिस्त्री म्हणाला.

"यारी वरीसभर पडून हाय. पोटासाठी दुसरं काम येत न्हाई आमाला. पुन्ना चालू करायची हाय. खाच पाडून द्या."

"देतो. पन..." मिस्त्रीनं पाटाकडे पाहिलं. "उद्या दसरा. परवाच्याला सकाळीच करून देतो. चांगुणाबाई, आज हत्यार..."

"ठाव हाय मला. म्हनूनच आज आले, मुद्दाम." तिनं आक्काकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो जास्त लागत होता. "आक्का, तुमी साखर-खोबरं धाडलंवतं. ग्वाड हुतं. तुमची पूजा मोडाया मी आले न्हाई. तुमच्या मालकाची बोटं गेली, मला ह्यांनी सांगितलं. पन आक्का, पाटावर समदी हत्यारं निजवली का खाली असनाऱ्यांनी कुनाकडं बघायचं? एक जागं ठिवा. येकच. बाकीच्यांची करा पूजा."

लिंबावर एक होला घुमत होता. श्रीमंत खाली मान घालून उभा होता. मिस्त्री एक पाऊल पाटाकडे गेला, तशी आक्का ओरडली,

"तू थांब! तुझा हात न्हाई लावायचा."

मग ती स्वतः खाली वाकली. सत्तरीची म्हातारी, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, आणि पाटावरच्या ओळीतून पाच सुतांचं टूल उचललं. जणू आता छप्पर कोसळणार, अशी तिनं क्षणभर वाट पाहिली. काही झालं नाही. तिनं पदरानं त्या टूलाचं कुंकू पुसलं, अगदी धार साफ होईपर्यंत पुसलं, आणि ते माझ्या पाटावर आणून ठेवलं.

"व्हयाचं आसंल ते माझ्या हाताला होऊ दे," ती म्हणाली. "चालव रे मुसळ्याला."

मित्रांनो, त्या दिवशी मी जसा चाललो तसा कधी चाललो नाही. फाटलेल्या खाचेच्या बरोबर समोर मिस्त्रीनं नवी खाच पाडली. जुनी खाच तशीच ठेवली, ती भरून निघण्यासारखी नव्हती. कॅलिपर आणि हातोडाही आक्कानंच उचलून दिले. शेवटी मिस्त्रीनं चावी ठोकली आणि आवाज आला, ठक्क. त्यानं ती काढली, पुन्हा ठोकली. पुन्हा ठक्क. तिसऱ्यांदा त्यानं हातोडा चांगुणाच्या हातात दिला आणि तिनं ठोकली.

यारी तेव्हापासून पुन्हा चालू आहे, असं रंगनाथ सांगतो. चांगुणा आता विहिरीत उतरत नाही, काठावर बसते आणि प्रत्येक सकाळी चावी ठोकून तिचा आवाज ऐकल्याशिवाय कुणाला खाली सोडत नाही.

तुमच्या घरातही काहीतरी हलत असेल. पाळण्याची कडी, रहाटाचा खुंटा, सायकलचं चाक. ते तुमच्याशी बोलत असतं. त्याला जीभ नाही, म्हणून ते खळ्ळ म्हणतं. तेव्हा मान वाकडी करून नुसतं ऐकू नका आणि "भागतंय" तर मुळीच म्हणू नका. तो शब्द तोंडून एकदा सुटला की कुठे जाऊन पडेल, त्याच्याखाली कोण वाकलेलं असेल, हे सांगता येत नाही. मी तो शब्द दोनदा ऐकला आहे. म्हणून मला अजून भीती वाटते.

आणि देवापुढे हत्यारं जरूर मांडा. हळद-कुंकू लावा, फुलं वाहा. आमच्याकडेही दर खंडेनवमीला पाट मांडतात. पण त्या दिवशी पाच सुतांचं एक टूल पाटावर नसतं. ते माझ्याजवळ असतं, कोरं, धार लावलेलं, कुंकवाशिवाय. त्याची पूजा होत नाही. आक्का फक्त पूजा आटोपल्यावर येते आणि स्वतःच्या हातानं त्याला तेल लावून जाते.